रक्त साफ करायचं मशीन: लावायचं की नाही?

(देवरी तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या एका ताईंनी सामुदायिक रेडिओच्या आरोग्य कार्यक्रमात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

बायांनो, चुलीवरचं आटोपून रेडिओजवळ बसल्या असाल. काहीजणी गटाची बैठक लावून ऐकत असाल. आजचा विषय जरा जड आहे, पण मी तो मुद्दाम घेतला. हा प्रश्न एका रात्री मला माझ्याच बहिणीनं फोनवर विचारला होता आणि मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं.

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट आहे. माझ्या मावसबहिणीचा नवरा रोवणीसाठी बांधीत उतरला आणि तळपायात बांबूची काडी घुसली. काडी काढली, हळद भरली, चिंधी बांधली आणि पुन्हा चिखलात उतरला. रोवणी कुणासाठी थांबते? तिसऱ्या दिवशी पाय सुजला. गावोगाव फिरून सुया देणाऱ्या एकाकडून सुई टोचून घेतली. पाचव्या दिवशी अंगात हुडहुडी भरली. सहाव्या दिवशी माणूस काहीबाही बडबडायला लागला, बायकोला ओळखेना. मग धावाधाव सुरू झाली, आणि शेवटी नातेवाइकांनी त्याला मोठ्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं.

रात्री साडेदहाला बहिणीचा फोन आला. "ताई, यांचा बीपी राहत नाही म्हणतात. विष अंगभर पसरलं. रक्त साफ करायचं एक मशीन आहे, नवीन आहे, लावून पाहू म्हणतात. सकाळपर्यंत पैसे भरा लागते. दीड एकर लिहून देऊ का?"

मी आयुष्यभर लसी दिल्या, बाळंतपणं केली, पण हे मशीन कधी पाहिलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "तुला वाटते ते कर." ते उत्तर नव्हतंच. तिला एकटीला सोडणं होतं ते. त्यानंतर मी ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, वाचलं, समजून घेतलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगते. उद्या असा फोन तुमच्यापैकी कुणालाही येऊ शकतो.

आपण 'सेप्टिक' म्हणतो ते नेमकं काय

आपल्याकडे जखमेत पू झाला की म्हणतात, जखम सेप्टिक झाली. अंगावर खाज आली, पुटकुळ्या उठल्या की म्हणतात, रक्त खराब झालं, कडुनिंबाचा काढा घे. मी ज्या आजाराबद्दल बोलते आहे तो या दोन्हींपेक्षा वेगळा आहे आणि फार मोठा आहे. डॉक्टर त्याला सेप्सिस म्हणतात.

जखमेतून, छातीतून, लघवीच्या मार्गातून, फुटलेल्या अपेंडिक्समधून किंवा बाळंतिणीच्या गर्भाशयातून जंतू शरीरात शिरतात. शरीर त्यांच्याशी लढायला उठतं. हे चांगलंच आहे. पण कधी कधी ही लढाई हाताबाहेर जाते. असं समजा, गावात एका गोठ्याला आग लागली. विझवायला सगळं गाव धावलं, पण गोंधळ असा उडाला की आग राहिली बाजूला आणि धावणाऱ्यांनीच शेजारच्या घरांच्या भिंती पाडल्या. सेप्सिसमध्ये तसं होतं. जंतूंना मारायला निघालेलं शरीर आपल्याच फुप्फुसाला, मूत्रपिंडाला, मेंदूला इजा करतं.

गावात दवंडी देऊन लोकांना बोलावतात, तसे शरीरातही निरोप देणारे पदार्थ असतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. सेप्सिसमध्ये हे निरोप फार वाढतात. रक्ताच्या नळ्या सैल पडतात आणि पाझरायला लागतात. मग बीपी उतरतो. सलाईन भरपूर देऊनही बीपी वर येत नाही, तो टिकवायला औषधाची धार चालू ठेवावी लागते, तेव्हा त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. या अवस्थेत रुग्णाचा जीव खऱ्या अर्थानं टांगणीला लागलेला असतो.

हा आजार दुर्मीळ नाही. २०१७ या एका वर्षात जगभरात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यात १ कोटी १० लाख माणसं दगावली, असा अंदाज संशोधकांनी काढला आहे. लहान मुलांचा वाटा त्यात फार मोठा आहे. त्याच २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत सगळ्या देशांनी सेप्सिसकडे लक्ष द्यावं, असा ठराव झाला.

मशीन करतं काय

आता त्या मशीनकडे येऊ. मानेच्या किंवा जांघेच्या मोठ्या शिरेत एक जाड नळी घालतात. पंपानं रक्त बाहेर ओढतात आणि एका नळकांड्यातून फिरवून पुन्हा शरीरात सोडतात. हे काही तास चालतं. नळकांड्यात बारीक बारीक मणी भरलेले असतात, प्रत्येक मण्याला असंख्य छिद्रं. रक्त त्यांच्यामधून जाताना ते वाढलेले सायटोकाइन मण्यांच्या छिद्रांत अडकून राहावेत, अशी कल्पना आहे. सायटोसॉर्ब नावाचं नळकांडं या प्रकारचं आहे. युरोपात त्याला २०११ साली मान्यता मिळाली. भारतात ते बायोकॉन कंपनीनं आणलं.

दुसरा प्रकार जपानमधला आहे. पॉलिमिक्सिन नावाचं एक जुनं अँटिबायोटिक आहे. काही जंतूंच्या कवचात जे विष असतं, ते त्याला चिकटतं. जपानी लोकांनी ते औषध धाग्यांवर बसवलं, धागे नळकांड्यात भरले आणि त्यातून रक्त फिरवायला सुरुवात केली. जपानमध्ये हा उपचार १९९४ पासून वापरात आहे.

इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे डायलिसिस नाही. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की शरीरातला कचरा आणि जास्तीचं पाणी काढायला डायलिसिस करतात. सेप्सिसमध्ये पुष्कळांची मूत्रपिंडं बसतात, तेव्हा डायलिसिस लागतं आणि त्यानं जीव वाचतो. तो ओळखीचा, पारखलेला उपचार आहे. बाहेरून पाहिलं तर दोन्हीकडे नळ्या, पंप आणि फिरणारं लाल रक्तच दिसतं. म्हणून नातेवाइकांचा घोटाळा होतो. डॉक्टर "मशीन लावायचं" म्हणाले की पहिला प्रश्न हाच: "मूत्रपिंडासाठी डायलिसिस करायचं आहे, की रक्तातले विषारी पदार्थ गाळायचे आहेत?" डायलिसिस सांगितलं असेल तर आज मी जे बोलते आहे त्यावरून ते नाकारू नका.

कल्पना चांगली, मग अडचण कुठे?

विष आहे तर गाळून काढा. ऐकायला किती सरळ वाटतं! पण शरीर म्हणजे काही विहीर नाही, की गाळ काढला आणि पाणी नितळ झालं.

पहिली अडचण अशी. आपण सुपात धान पाखडतो तेव्हा कोंडा उडतो आणि दाणे राहतात, कारण दाणा जड असतो. या मण्यांना असा फरक कळत नाही. सायटोकाइनमध्ये जंतूंशी लढायला लागणारेही असतात, तेही अडकतात. आणि जे अँटिबायोटिक आपण सलाईनमधून देतो, त्यातलंही काही या नळकांड्यात निघून जाऊ शकतं. कोंड्याबरोबर दाणेही गेले.

दुसरी अडचण. जखमेत पू साचलेला असेल, पोटात आतडं फुटलेलं असेल, तर विष पुन्हा पुन्हा तयार होत राहतं. बांधीचा धुरा फुटलेला असताना नुसतं पाणी उपसत बसलं तर बांधी कोरडी होईल का? आधी धुरा बांधावा लागतो. म्हणजे पू काढावा लागतो, सडलेलं मांस कापावं लागतं, जंतूंवर लागू पडणारं औषध द्यावं लागतं.

तिसरी गोष्ट म्हणजे जाड नळीतून होणारा रक्तस्राव, त्याच नळीतून नवीन जंतू शिरणं, रक्तातल्या गोठवणाऱ्या कणांचं प्रमाण उतरणं. हे धोकेही असतात.

तो वाचला, पण कशानं?

तुम्ही विचाराल, ताई, मग तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचं काय झालं? तो वाचला. पायाची दोन बोटं गेली, पण माणूस घरी आला. आणि सगळं गाव म्हणतं, मशीननं वाचवला.

मीही काही दिवस तेच म्हणत होते. मग त्याची फाइल घेऊन बसले. ज्या रात्री मशीन लावलं, त्याच संध्याकाळी सर्जननी पाय उघडून पू काढला होता आणि काळं पडलेलं मांस कापलं होतं. त्याच दिवशी अँटिबायोटिक बदललं होतं. बीपीचं औषध चालू होतं, ऑक्सिजन चालू होता. आता सांगा, कशानं वाचला? एका माणसाकडे पाहून ते कळू शकत नाही. माझ्या बहिणीला नाही, मला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या डॉक्टरांनाही नाही.

हे कळायला एकच रस्ता आहे. सारख्या आजाराचे पुष्कळ रुग्ण घ्यायचे. कुणाला मशीन लावायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. बाकी सगळे उपचार दोघांनाही पूर्ण द्यायचे. मग किती वाचले ते मोजायचं. असं मोजून पाहिलं तेव्हा काय निघालं ते ऐका.

इटलीत पॉलिमिक्सिनच्या नळकांड्याचा एक अभ्यास झाला, तो २००९ साली छापून आला. त्यात ६४ रुग्ण होते. मशीन लावलेल्यांत १०० मागे ३२ दगावले, न लावलेल्यांत ५३. सगळ्यांना आनंद झाला. पण ६४ हा आकडा लहान आहे. म्हणून अमेरिका आणि कॅनडात ४५० रुग्णांवर मोठा अभ्यास केला. त्यात ज्यांना उपचार द्यायचा नव्हता त्यांच्याजवळही मशीन लावल्यासारखं केलं, म्हणजे नुसत्या आशेचा परिणाम मोजणीत मिसळू नये. २०१८ साली निकाल आला. २८ दिवसांत मशीनवाल्यांपैकी १०० मागे सुमारे ३८ गेले, दुसऱ्यांपैकी सुमारे ३५. म्हणजे मशीननं जीव जास्त वाचले नाहीत.

कोविडच्या काळात, २०२० च्या मे महिन्यात, आपल्या देशाच्या औषध महानियंत्रकांनी सायटोसॉर्बला गंभीर कोविड रुग्णांसाठी आपत्कालीन वापराची परवानगी दिली. परवानगी मिळाली की आपल्याला वाटतं, झालं, सिद्ध झालं. तसं नसतं. जर्मनीत कोविडच्या अतिगंभीर रुग्णांवर, ज्यांचं रक्त यंत्रातून फिरवून त्यात ऑक्सिजन भरावा लागत होता अशांवर, एक छोटा अभ्यास झाला. २०२१ मध्ये तो छापला. सायटोसॉर्ब लावलेल्या १७ पैकी ३० दिवसांनी ३ जिवंत होते. न लावलेल्या १७ पैकी १३. अभ्यास लहान आहे, रुग्ण वेगळ्या प्रकारचे आहेत. त्यावरून शेवटचा निकाल लावता येत नाही. पण "लावून पाहू, नुकसान तर काही नाही ना" असं म्हणणं किती धोक्याचं आहे, हे मात्र त्यातून कळतं.

२०२१ सालीच जगभरच्या तज्ज्ञांनी मोठ्या माणसांच्या सेप्सिससाठी सूचना काढल्या. पॉलिमिक्सिनचं नळकांडं वापरू नये असं त्यांनी सुचवलं. रक्त गाळण्याच्या बाकीच्या पद्धतींबद्दल हो किंवा नाही म्हणण्याएवढा पुरावाच नाही, असं सांगितलं. म्हणून या उपचाराला प्रायोगिक म्हणतात. संशोधन चालू आहे, ते चालू राहायलाही हवं. उद्या कदाचित कळेल की अमुक प्रकारच्या रुग्णाला, अमुक वेळी लावलं तर फायदा होतो. पण आजच्या घडीला त्यासाठी वावर विकावं, एवढा भरवसा त्यावर नाही.

डॉक्टरांवर लगेच संशय घेऊ नका. डोळ्यांसमोर माणूस बुडत असेल तर हाताशी आहे ते सगळं करून पाहावं असं डॉक्टरलाही वाटतं. पण "करून पाहू" आणि "यानं वाचेल" या दोन वाक्यांत फरक आहे. तो फरक ओळखून प्रश्न विचारणं आपलं काम आहे.

मग जीव वाचतो कशानं?

वेळेनं वाचतो. लवकर ओळखणं, लवकर अँटिबायोटिक, लवकर सलाईन, ऑक्सिजन, आणि पू असेल तर तो काढणं. त्याच तज्ज्ञांच्या सूचनेत लिहिलं आहे की सेप्टिक शॉक दिसला तर अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासाभरात द्यावं. माझ्या बहिणीच्या घरी सहा दिवस गेले. पैशाची काळजी एका रात्रीची होती, पण खरं नुकसान त्या सहा दिवसांत झालं.

आणि हे काम मोठ्या शहरातच होतं असं नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथं 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या भागात नवजात बाळं फार मरत होती आणि आईबाप बाळाला घेऊन दवाखान्यात जात नव्हते, जाणं परवडतही नव्हतं. १९९३ ते १९९८ या काळात त्यांनी ३९ गावांत एक अभ्यास केला. गावातल्याच बायका निवडल्या, आपल्यासारख्याच, थोड्याफार शिकलेल्या. त्यांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, श्वास कसा मोजायचा आणि बाळाला सेप्सिस झाला हे कसं ओळखायचं, हे त्या शिकल्या. कडक प्रशिक्षण आणि देखरेखीखाली घरीच अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायलाही शिकल्या.

त्याआधी त्या गावांत सेप्सिस झालेल्या १०० बाळांमागे सोळा-सतरा दगावत होती. आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर १०० मागे तीनही नाहीत. आणि शेजारच्या गावांशी ताडून पाहिलं तर एकूण नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते ना? त्यामागे गडचिरोलीच्या त्या बायांचं काम आहे. त्यांच्याकडे मशीन नव्हतं. घड्याळ, थर्मामीटर, वजनकाटा, इंजेक्शन आणि खुणा ओळखणारे डोळे होते. मोजून सिद्ध झालेला उपचार हा असा असतो.

या खुणा पाठ करा

मोठ्या माणसात: ताप आणि हुडहुडी, किंवा उलट अंग थंडगार पडणं. श्वास जोरात, धाप लागल्यासारखा. बडबडणं, ओळख न पटणं, सारखी झोप येणं. लघवी फार कमी होणं. हातपाय गार, कातडी फिकट किंवा निळसर. "आता काही मी वाचत नाही" असं वाटण्याएवढी अस्वस्थता. जखम, खोकला, लघवीची जळजळ असं काही असताना यातली एक जरी खूण नवीन दिसली, तर सकाळची वाट पाहू नका.

बाळंतिणीत: ताप, ओटीपोटात दुखणं, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येणं, टाक्यांतून पू. बेचाळीस दिवसांपर्यंत कधीही. गर्भपातानंतरही हेच. लाजू नका, लपवू नका.

तान्ह्या बाळात: अंगावर ओढणं बंद किंवा कमी, रडणं क्षीण, अंग लुळं, अंग गरम किंवा थंड, छाती आत ओढली जाणं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, पोट फुगणं, नाळेला पू. बाळाला तर ताप नसतानाही सेप्सिस असू शकतो.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगते. आपल्याकडे सिकलसेलची माणसं पुष्कळ घरांत आहेत. त्यांची पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, लहानपणीच निकामी होत जाते आणि जंतूंना अडवण्याची ताकद कमी होते. सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही. त्याच दिवशी दवाखाना.

दुसरं स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं हा ताप येतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याचे बरेच रुग्ण निघाले होते. गवत कापणाऱ्या, जंगलात जाणाऱ्या माणसाला ताप आला आणि काखेत, जांघेत, कमरेला विडीनं भाजल्यासारखा काळा डाग दिसला, तर तो डाग डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. वेळेत ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर हाही शॉकपर्यंत नेतो.

जायचं कसं? १०८ ला फोन करा. गरोदर बाई, बाळंतीण किंवा तान्ह्या बाळासाठी १०२ आहे. पहिल्यांदा जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. पुढं पाठवायचं ठरलं तरी सलाईन आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन तिथंच सुरू करता येतं का ते विचारा. काय दिलं, किती वाजता दिलं, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. ती चिठ्ठी पुढच्या डॉक्टरांना सोन्यासारखी आहे. आणि घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आपल्या मनानं देऊ नका.

तसा फोन आलाच तर

मोठ्या दवाखान्यात कुणी असं मशीन सुचवलं, तर हे विचारा. एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.

१. संसर्ग कुठून सुरू झाला? पू किंवा सडलेला भाग काढला का? अँटिबायोटिक कधीपासून चालू आहे?

२. हे डायलिसिस आहे की रक्त गाळण्याचं प्रायोगिक मशीन?

३. यानं जीव वाचतो हे सिद्ध झालं आहे का? आमच्या माणसाला नेमका कोणता फायदा अपेक्षित आहे?

४. नाही लावलं तर बाकीचे उपचार तसेच पूर्ण चालू राहतील ना?

५. किती नळकांडी लागतील, एकूण खर्च किती? लिहून द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं? योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्यालाही विचारा. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळतात.

६. हा एखाद्या अभ्यासाचा भाग आहे का? असेल तर आपल्याला समजेल अशा भाषेत माहितीचा कागद मिळायला हवा. दवाखान्याच्या नीतिसमितीची मंजुरी हवी. लेखी संमतीशिवाय कुणालाही अभ्यासात घेता येत नाही. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. अभ्यासामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचा हक्क आहे. नियमांत हे लिहिलेलं आहे. नीट माहिती घेऊन अभ्यासात भाग घेणं वाईट नाही. उद्याच्या रुग्णांना त्याचाच उपयोग होतो.

सही करण्यापूर्वी घरातल्या एका माणसाला आणि गटातल्या एकीला फोन करा. अशा वेळी एकटीनं ठरवायची पाळी कुणावर येऊ नये.

बहिणीचं दीड एकर गहाण पडलं, ते अजून सुटलेलं नाही. पण ती मला कधी काही बोलली नाही. आज तो फोन आला असता तर मी म्हटलं असतं: "बाई, आधी विचार, पायातला पू काढला का? औषध बदललं का? ते सगळं पूर्ण कर म्हणावं, त्याला लागेल तेवढा पैसा आपण उभा करू, गटातून घेऊ. मूत्रपिंडासाठी डायलिसिस लागत असेल तर हो म्हण. पण रक्त गाळायच्या मशीनसाठी वावर लिहून देऊ नको. ते नाही लावलं म्हणून तू नवऱ्यासाठी काही कमी केलं, असं होत नाही."

शेवटचं वाक्य मला तिला त्या रात्री सांगायचं होतं. तुमच्यापैकी कुणी आपलं माणूस असंच गमावलं असेल, पैसे नव्हते म्हणून मशीन लावलं नाही याची रुखरुख मनात ठेवून बसली असेल, तर तिच्यासाठीही ते आहे.

पायात काडी घुसली तर पाय साबणानं धुवा, कोरडा ठेवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना. रोवणी एक दिवस थांबली तर चालेल.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

- आपल्या गावातून रात्री रुग्ण न्यायचा झाला तर काय सोय आहे? १०८ ला फोन कोण करेल, मुख्य रस्त्यापर्यंत कशानं नेणार?
- आपल्या गटातल्या किती घरांत सिकलसेलचं माणूस, गरोदर बाई किंवा तान्हं बाळ आहे? खुणांची यादी त्या घरात पोहोचली का?
- आजारपणासाठी गटातून तातडीचं कर्ज कसं आणि किती देता येईल, याचा ठराव आधीच करून ठेवता येईल का?
- वरचे सहा प्रश्न एका कागदावर लिहून प्रत्येकीकडे ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दोघींनी ते मोठ्यानं वाचून पाठ करून घ्या.